कोसमटोल्याला मी दिलेली पुस्तकं

ग्रंथपाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धूळ झटकणारा, चष्मा पुसणारा आणि 'हळू बोला' म्हणणारा माणूस येतो. यातलं सगळं मी केलं आहे. पण माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं खुर्चीवर गेली नाहीत. ती गेली एसटीच्या टपावर, बैलबंडीत आणि वैनगंगेच्या डोंग्यात, तीन पेट्यांच्या सोबतीनं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'त्या दिवसांचं लिहा' म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात गमतीजमती असाव्यात. त्या थोड्या सांगतो. पण एक गोष्ट बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही, ती आता सांगून टाकावी असं वाटतं.

पन्नास सालानंतरचा काळ. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत आणि गडचिरोली हा त्याच जिल्ह्यातला जंगलाचा भाग होता. आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी फिरतं वाचनालय काढायचं ठरवलं. कल्पना अशी, की लाकडी पेट्यांत पुस्तकं भरायची, महिन्याकाठी एकेका गावी न्यायची, दिवसभर थांबायचं, लोकांना पुस्तकं द्यायची आणि मागची परत घ्यायची. फिरणारा माणूस म्हणजे मी. पुस्तकं निवडणाराही मीच.

निवड ऐकून तुम्ही हसाल. पहिल्या पेटीत कायदा. गावातले एक जुने वकील वारले, त्यांच्या घरच्यांनी कपाटं रिकामी करताना सगळं आमच्याकडे पाठवलं होतं. त्यातली मराठी पुस्तकं मी पेटीत घातली, कारण पेटी भरायची होती. दुसऱ्या पेटीत मध्ययुगाचा इतिहास. ही माझी लाडकी पेटी. चांद्याचा परकोट बघत मी लहानाचा मोठा झालो. गोंड राजे, त्यांचे किल्ले, बहामनी आणि मोगलांच्या स्वाऱ्या, यांतलं जे मिळेल ते मी मागवून घेतलं होतं. तिसऱ्या पेटीत जादूगार, राक्षस, उडते घोडे आणि पाताळातल्या राजकन्या. ही पुस्तकं मंडळातल्या एका व्यापारी गृहस्थांनी आग्रहानं घ्यायला लावली. 'माणसं आधी ह्यालाच हात लावतील' असं ते म्हणाले होते. मला ते आवडलं नव्हतं. त्यांचं खरं ठरलं, तेही आवडलं नाही.

वाचक एकेक नमुने होते. एक जंगल नाकेदार जादूगाराचं एकच पुस्तक सारखं नेई. चौथ्या वेळी परत आलं तेव्हा शेवटची आठ पानं नव्हती. विचारल्यावर म्हणाला, "भाऊ, शेवटी जादूगार मरते. मले ते पाह्यवत नाई. मी ते पानं जाळली." एक पाटील इतिहासाचं जाडजूड पुस्तक घेऊन बसत आणि फक्त मागची नावांची यादी बोट फिरवत वाचत. आपल्या घराण्याचं नाव सापडलं नाही की पुस्तक परत करून म्हणत, "अपुरं आहे." कायद्याच्या पेटीला मात्र कुणी विचारत नसे. ती उघडायचीही मला जरूर पडत नसे. शिवाय मंडळाचा नियम होता की कायद्याची पुस्तकं घरी द्यायची नाहीत. पेटीशी बसूनच वाचायची. प्रत्येकावर तसा लाल शिक्का मारलेला होता.

कोसमटोला हे गाव गडचिरोलीच्या पुढे, मोहाच्या झाडांत. गावाला एक मोठा मालगुजारी तलाव; मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारा गावचा जमीनदार. तलावाच्या पाळीखाली कुणब्यांचं धान आणि पाळीच्या या अंगाला तीसेक घरं धीवरांची, त्या वस्तीला नुसतं टोला म्हणत. त्यांचं जगणं तलावावर. जाळी विणायची, मासे धरायचे, शिंगाडे काढायचे, आसपासच्या बाजारांत विकायचे.

त्या घरांचे म्हातारे मुखिया होते फागोजी. उंच, वाळलेले, आवाज मात्र खणखणीत. वाचता येत नव्हतं. त्यांची सून सिंधू हिला येत होतं. तिचे मामा चांद्याला शाळेत चपराशी होते, त्यांच्याकडे राहून ती चौथीपर्यंत शिकली होती. सबंध टोल्यात छापलेलं वाचू शकणारं ते एकच माणूस. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती पदर खोचून पेटीपाशी आली, वाकून पुस्तकांचे कणे वाचले आणि म्हणाली, "भाऊ, किती नेता येते?"

"एका घरी एक."

"मी एका घरासाठी नाई नेत. टोल्यासाठी नेतो."

तिनं राक्षसाचं पुस्तक नेलं. त्याची पहिली पानं फाटलेली होती, त्यामुळे नाव मलाही ठाऊक नव्हतं. त्यात एक जलराक्षस होता. कुण्या राजानं त्याला जिंकलं आणि हुकूम दिला, की सात दिवसांत समुद्राएवढा तलाव खण. राक्षसानं तो नखांनी खणला. मी पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा दुपारी मोहाखाली बायका जाळी सांधत बसल्या होत्या, पुरुष पाय पसरून बसले होते आणि सिंधू मधोमध बसून तेच पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होती. राक्षसाचा आवाज ती इतका बेमालूम काढे की लहान पोरं आईला बिलगत.

मला वाटलं, यांना खरं काही द्यावं. मी इतिहासाचं पुस्तक काढलं. गोंड राजांनी गावांसाठी तलाव कसे बांधवले, ते बांधणाऱ्यांना जमिनी कशा दिल्या, जंगल तोडून गावं कशी वसली, हे त्यात होतं. सिंधूनं तेही वाचून दाखवलं आणि फागोजी खूश झाले. आपला तलाव राजाच्या काळचा असेल हे त्यांना कुणीतरी कागदावरून सांगत होतं.

मी निघताना त्यांनी मला थांबवलं. "भाऊ, ते राक्षसाचंबी असंच घडलं असन का?"

मी पेटी बांधत होतो. गाडी गाठायची होती. मी हसून म्हणालो, "छापलंय म्हणजे खोटं कसं असेल, फागोजीभाऊ?"

मी थट्टा केली होती. त्यांनी मान हलवली. छापलेल्या अक्षराशी थट्टा करता येते हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी गेलो तेव्हा मोहाखाली वाचन नव्हतं. मालगुजारांची जमीनदारी कायद्यानं संपली होती आणि गावोगाव कुठली जमीन कुणाची, कुठला तलाव कुणाचा, याची चौकशी चालू होती. कोसमटोल्याच्या मालगुजारानं अर्ज केला होता की तलाव त्याचा खाजगी आहे आणि धीवर तिथे केवळ त्याच्या मेहरबानीनं मासे धरतात. तलाव त्याच्या नावे लागला की तो बाहेरच्या ठेकेदाराला देणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाभरात चौकशीचे साहेब मुक्कामाला यायचे होते.

सिंधू थेट माझ्याकडे आली. "भाऊ, तुमच्यापाशी कायद्याची पेटी आहे ना? गावच्या रिवाजाचं, तलावाच्या हक्काचं असं पुस्तक आहे का त्याच्यात?"

"असेल. पण ती घरी देता येत नाहीत. शिक्का आहे."

"मंग मी इथीच बसून वाचतो."

"कायद्याची भाषा आहे, सिंधूबाई. तुला समजायची नाही."

"नाई समजली त दोनदा वाचीन."

ती पेटी सगळ्यांत खाली होती. वर दोन पेट्या, त्यावर माझी वळकटी. ऊन चढत होतं आणि मला दुसऱ्या गावी पोचायचं होतं. शिवाय माझ्या डोक्यात एक वेगळीच कल्पना आली होती आणि तिच्यापुढे मला काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "तुम्हाला कायदा कशाला? तुमच्याकडे इतिहास आहे. राजांनी तलाव गावासाठी बांधवले हे पुस्तकात लिहिलंय. साहेबांपुढे हेच मांडायचं. मी लिहून देतो."

तिनं खालच्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकडाव पाहून तरी घेतलं असतं." मी ऐकलं नाही असं केलं.

मी तीन पानं लिहून दिली. भाषा अशी की आज वाचली तर मला लाज वाटेल. राजवंशाची नावं, शतकं, दानशूरपणा. ती पानं सिंधूनं वाचायची आणि फागोजींनी पाठ करायची असं ठरलं. फागोजींना मी स्वतः दोन तास शिकवलं. ते मन लावून ऐकत होते. निघताना मला म्हणाले, "भाऊ, तुमी त्या दिवशी याल ना? तुमी असले म्हणजे मले धीर येते."

मी गेलो.

आमराईत साहेबांचा तंबू होता. बाहेर टेबल, खुर्ची, कागदांचे गठ्ठे. साहेब वाईट नव्हते. सकाळपासून पाच गावांची कामं करून थकलेले होते. मालगुजार स्वतः आला नाही, त्याच्या वतीनं गडचिरोलीचे एक वकील उभे होते, काळ्या कोटात घामाघूम. टोल्यातली सगळी माणसं धुतलेले कपडे घालून जमिनीवर बसली होती. बायका मागे, त्यांत सिंधू. तिनं बोलू का म्हणून विचारलं होतं. साहेबांच्या कारकुनानं सांगितलं, मुखिया असताना सून कशाला?

फागोजी उभे राहिले. सुरुवात उत्तम झाली. राजाचं नाव बरोबर घेतलं. हात जोडून म्हणाले, "साहेब, राजानं तलाव रयतेसाठी बांधला. आमचे आजे-पंजे तवापासून इथी मासे धरते."

साहेबांनी मान वर केली. ऐकत होते.

वकील हलकेच म्हणाले, "म्हणजे राजानं बांधला. बरं. कोणी पाहिलं होतं का?"

"पाह्यन कोन, साहेब? जुनी गोष्ट आहे."

"मग कसा बांधला हे कसं माहीत?"

फागोजी गोंधळले. मी पाठ करून घेतलं होतं त्यात याचं उत्तर नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि जे आठवलं ते सांगायला लागले. राजानं जलराक्षसाला जिंकलं. त्याला हुकूम दिला. त्यानं सात दिवसांत नखांनी तलाव खणला. आवाज खणखणीत होता, त्यामुळे आमराईच्या टोकापर्यंत प्रत्येकाला ऐकू गेलं.

आधी कारकून हसला. मग शिपाई. मग कुणबी मंडळींतले काही. वकील हसले नाहीत. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "हे कुठं ऐकलंत, बाबा?"

"पुस्तकात आहे. छापलेलं आहे. राजाचं बी अन् राक्षसाचं बी." आणि त्यांनी हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं. "हे भाऊ बसले ना. वाचनालयाचे. त्याईनंच देलं."

सगळे माझ्याकडे वळले. साहेबांनी विचारलं, "काय हो, दोन्ही पुस्तकं तुमचीच?"

"होय साहेब."

तिथे मी उभं राहून बोलू शकत होतो. एक इतिहास आहे, दुसरी कहाणी आहे, चूक माझी आहे, या माणसाचं म्हणणं त्यामुळे खोटं ठरत नाही, एवढं सांगायला फार तर एक मिनिट लागलं असतं. पण लोक हसत होते आणि ते हसणं माझ्यापर्यंत येत होतं. मी 'होय साहेब' एवढंच म्हणालो आणि बसून राहिलो.

साहेब सहानुभूतीनंच म्हणाले, "बाबा, राजांचं राहू द्या. तुमचा मासे धरायचा रिवाज गावाच्या कागदात नोंदलेला आहे का? वाजिब-उल-अर्जाची नक्कल आणली?"

फागोजींनी माझ्याकडे पाहिलं. तो शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.

तलाव मालगुजाराच्या नावे लागला. ठेकेदाराची माणसं लवकरच पाळीवर झोपडी घालून बसली.

पाऊस लागला की आमच्या पेट्यांची फिरती बंद होई. नद्या चढत, रस्ते तुटत. त्या महिन्यांत मी पुस्तकांना कसर लागली का ते तपासत बसे. त्या श्रावणात कायद्याची पेटी पहिल्यांदा नीट उघडली. वरून तिसरं पुस्तक जुन्या मध्यप्रांतातल्या गावांचे रिवाज आणि हक्क यांवरचं होतं. त्या वारलेल्या वकीलसाहेबांनी पेन्सिलीनं खुणा केलेल्या होत्या. दुसऱ्याच प्रकरणात तो शब्द दिसला.

वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या चालीरीतींचा सरकारी कागद. बंदोबस्ताच्या, म्हणजे सरकारनं जमिनीची मोजणी आणि सारा ठरवण्याच्या, वेळी प्रत्येक गावाचा केलेला. जळण कुठून आणायचं, गुरं कुठं चारायची, तलावाचं पाणी कुणी घ्यायचं, मासे कुणी धरायचे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्याची नक्कल जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधून साधा अर्ज करून कुणालाही मिळते. भाषा सोपी होती. चौथी शिकलेल्या माणसाला एकदा वाचून कळली असती. सिंधूला दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नसती.

रेकॉर्ड रूम आमच्या वाचनालयापासून पाच मिनिटांच्या वाटेवर होती. मी रोज तिच्यावरून जात असे. अर्ज केला आणि काही दिवसांत नक्कल हातात आली. कोसमटोला, मोठा तलाव. मासळी व शिंगाडे, गावचे धीवर पूर्वापार धरतात व काढतात, मालगुजाराची मनाई नाही. दोन ओळी होत्या. मी त्या दारात उभ्यानं वाचल्या. मग पायरीवर बसून पुन्हा वाचल्या.

नदी उतरल्यावर, दसऱ्यानंतर, मी नक्कल घेऊन गडचिरोलीला एका वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, तारीख पाहिली, निकालाची तारीख विचारली. "कागद पक्का आहे," ते म्हणाले, "पण अपिलाची मुदत गेली. आषाढातच गेली. आधी का नाही आलात?"

कोसमटोल्याला जाईपर्यंत मी मनात पुष्कळ वाक्यं जुळवली. टोल्यात अर्धी घरं बंद होती. काही माणसं नदीकाठच्या नातेवाइकांकडे गेली होती, काही जंगलात बांबू तोडायला. फागोजीही मुलाबरोबर बांबूवर गेले होते. सिंधू घरी होती. मी तिला पुस्तक दाखवलं, नक्कल दाखवली, मुदतीचं सांगितलं. शिक्क्याचं, खालच्या पेटीचं, माझ्या तीन पानांचंही बोललो.

तिनं नक्कल दोन्ही हातांत धरून वाचली. दोनच ओळी, पण बराच वेळ वाचली. मग म्हणाली, "लिहिलेलं होतं त."

"होतं."

"चांद्याले."

"हो."

ती रडली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. ती म्हणाली, "भाऊ, माझ्या मावशीचं गाव नदीच्या पल्याड आहे. तिथल्या तलावाची चौकशी अजून व्हायची आहे. हे पुस्तक मले न्यायचं आहे."

"ने."

"शिक्का आहे त्याच्यावर."

"ने म्हणतो ना."

दुसऱ्या दिवशी ती डोंग्यानं पलीकडे गेली. त्या गावच्या लोकांना घेऊन ती चांद्याला रेकॉर्ड रूममध्येही आली होती असं मला नंतर तिथल्या कारकुनानं सांगितलं. वाचनालय तिथून पाच मिनिटांवर होतं. ती तिथे आली नाही. त्या गावचा तलाव धीवरांकडे राहिला. यात माझं काही नाही. मी फक्त पुस्तक अडवायचं थांबवलं होतं.

त्यानंतर मी पेट्यांची व्यवस्था बदलली. कायद्याची पेटी वर आली. शिक्क्याचा नियम मंडळाशी भांडून काढून टाकला. आणि पुस्तक देताना ही कहाणी आहे, हा इतिहास आहे, हा कायदा आहे, हे प्रत्येकाला सांगायची सवय लावून घेतली. नोकरीतले लोक या सवयीला हसत. एवढ्या मोठ्या माणसाला राक्षस खोटा असतो हे काय सांगायचं, म्हणत. मी सांगत राहिलो.

फागोजी मला एकदाच भेटले. मधे तीन-चार वर्षं गेली होती. गडचिरोलीच्या बांबू डेपोत मी वाट चुकून शिरलो होतो आणि ते एका मोळीवर बसले होते. खांद्याला बांबूचे वळ होते. त्यांनीच मला ओळखलं, उठून हात जोडले, बसायला आपला गमछा पसरला.

मी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग ते मान खाली घालून म्हणाले, "भाऊ, तुमची माफी मागाची राह्यली होती."

"कशाची?"

"तुमी इतकं मन लावून शिकवलं. पुस्तकं देली. स्वतः आले. मलेच सांगता नाई आलं. साऱ्या टोल्याचं नुसकान झालं माझ्या तोंडानं. अन् तुमचीबी हाशी झाली चार लोकांत."

सिंधूनं त्यांना सांगितलं नव्हतं. मला वाचवायला, की त्यांना त्याचा अधिक त्रास होईल म्हणून, ते मला आजही माहीत नाही. सांगायचं काम माझं होतं. माझ्याजवळ सगळं होतं, तो शब्द, त्या दोन ओळी, खालची पेटी. समोर म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी, आणि त्याची चूक एवढीच की त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

मी म्हणालो, "जाऊ द्या, फागोजीभाऊ. होतं असं."

त्यांनी माझा हात धरला. "तुमचं मन मोठं आहे," म्हणाले.

मग मुकादमानं हाक मारली आणि ते उठले. मोळी खांद्यावर घेताना दोनदा तोल गेला, तिसऱ्यांदा जमलं. मी तिथेच, त्यांच्या गमछ्यावर बसून होतो.